दुसऱ्या कबरीचा माळी

प्रिय हन्नामामा,

नाझरेथात तुझा रंधा चालू असेल. मी मात्र पुन्हा गाव बदललं. हैफाच्या बंदरात कंटाळलो, याफाच्या भट्टीत भाजलो, आता जेरुसलेमला माळी झालोय. हसू नकोस! शहराच्या दमास्कस वेशीबाहेर ती बाग आहे ना, जिथे प्रोटेस्टंट लोक ‘प्रभूला इथेच क्रुसावर दिलं, इथेच पुरलं’ म्हणत गाणी गातात, तिथल्या गुलाबांना पाणी घालतो. शेजारचा कडा कवटीसारखा दिसतो, म्हणून तोच गोलगोथा, प्रभूला मारलं ती ‘कवटीची जागा’, असं ते म्हणतात. मला तर तो जेवण झाल्यावर पेंगणाऱ्या तुझ्यासारखा दिसतो. बरं, सांगत काय होतो? हां, नजला.

तटाच्या आत आपलं जुनं चर्च आहे, जिथे आपले लोक प्रभूचा खडक आणि खरी कबर मानतात, त्याच्या दारापाशी नजला आजोबांच्या दुकानात मेणबत्त्या विकते. आजोबा म्हणजे अबू मित्री. गोलगोथाचा खडक जणू यांच्याच परसात आहे अशा थाटाचे. मी लग्नाचा विषय काढला तर कडाडले, “त्या दुसऱ्या कबरीच्या माळ्याला माझी नात? आधी सांग, प्रभूला मारलं कुठे? चुकलास तर परत दुकानाची पायरी चढायची नाही!” नजलाचा चेहरा मेणासारखा पांढरा.

शाळेत मी काय दिवे लावले ते तुला ठाऊक आहे. पण झारी हातात असली तरी कान मोकळे असतात, आणि यात्रेकरूंचे वाटाडे भांडतात मोठ्यानं. म्हटलं, “तुमच्याच खडकावर, आजोबा. रोमन लोक वेशीबाहेर, रस्त्याकाठी मारायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला दहशत बसावी म्हणून. तेव्हा इथे बाजार कुठला? पडीक दगडखाण, आसपास मळे आणि थडगी. पुढे गाव वाढलं, नवा तट बांधला, तेव्हा खडक आत आला.”

“मग तिकडे काय करतोस, लबाडा?”

“गुलाबांना तहान लागते, आजोबा. कबर कुणाची, हे ते विचारत नाहीत.”

म्हातारा इतका हसला की कवळी सावरावी लागली. म्हणाला, “ईस्टरनंतरच्या रविवारी वडीलधाऱ्यांना घेऊन ये. मग बघू.” ‘बघू’ हं मामा, ‘हो’ नाही.

म्हणून हे पत्र. बाबा नाहीत, तेव्हा मागणी घालायला सगळ्यांच्या पुढे तूच बसायचंस. फक्त एक कर, हात जोडतो. कॉफी आली की कप खाली ठेव, आणि म्हातारा “मुलगी दिली” म्हणेपर्यंत तिकडे बघूसुद्धा नकोस; आधी प्यायलास तर मागणी सोडली असंच धरतात. मावसभाऊ सलीमच्या वेळी तू मागणीआधीच दोन कप रिचवलेस, आणि बिचारा अजून बिनलग्नाचा आहे. नजला म्हणते, “मी वेलची मुद्दाम जास्त घालणार, बघू मामांचा धीर!” तेव्हा घरूनच पोटभर पिऊन ये.

तुझाच, आणि देवाच्या मनात असेल तर लवकरच अबू मित्रींचाही,
अफीफ