सागाखालचा नारळ

देवानंद दादा,

जंगल वाचवाले आमी गावच्या बायांनी मोठ्या सागाले शेंदूर लावला होता. तरी चोरांनी तो तोडला. बुडाशी नारळ फोडलेला, अन् खोबऱ्याच्या वाटीत गूळ. झाड तोडाच्या आधी अशी माफी आपला बाबाच मागे, अन् ते त्यानं फक्त तुले शिकवलं.

बाकीच्या बाया येईपर्यंत मी त्या वाट्या पदरात लपवल्या. म्हटलं, "बाहेरचे चोर असतीन."

झाड तुटलं त्या दिवशी राखणीची पाळी माई होती. तूच मले नार्नूरले तुया घरी जेवाले बोलावलं, अन् वाढलं एकट्या वहिनीनं. तू घरी नव्हताच.

हे पत्र धाडत नाही. तुले वाचता येत नाही, वहिनी वाचून दाखवीन, अन् तिले सारं समजन.

झाडाची माफी मागितली तू, दादा. माई माफी काऊन नाही मागितली?

तुई बहीण,
द्वारका