जावयाचं नाव, तुमचं नाव

आबा,

तुम्हाला पणती झाली. माझ्या लेकीला मुलगी झाली, फ्रान्समध्ये. तुम्ही असतात तर बाळबाळंतीण बरी आहे का हे विचारायच्या आधी विचारलं असतंत, "नाव काय ठेवलं?" म्हणून मीही नावाचंच सांगायला बसले आहे. पण ते एका वाक्यात सांगता येणार नाही, कारण हे नाव ठरेपर्यंत आमच्या घरात तुमचं नाव पुष्कळदा निघालं.

सुटीच्या दिवशी तुमच्याकडे लोक यायचे ते अजून डोळ्यांपुढं आहे. वस्तीत कुणाकडे पोर जन्मलं की बाप नाहीतर आजी आपल्या दारात येऊन उभी. तुम्ही लेथवर काम करणारा माणूस, नखांतलं काळं वंगण साबणानं कधी गेलं नाही, पण त्या दिवशी धुतलेला सदरा घालून बसायचा. धम्म घेतल्यावर तुम्ही मनाशी पक्कं केलं होतं, की धोंडी, दगडू, भिकी ही नावं आता पुढच्या पोरांना ठेवू द्यायची नाहीत. मग सुजाता, गौतमी, राहुल, मिलिंद अशी नावं तुमच्या तोंडून एकेका घरात गेली. एकदा एक म्हातारी म्हणाली, "एवढं जड नाव? आमच्या जिभेला पेलंल का वो?" तुम्ही म्हणालात, "पेलंल की. चार दिस हाक मारून तर बघा." ती बाहेर पडता पडताच ते नाव पुटपुटत होती. चुकत होती, परत म्हणत होती.

आणि तुमचं स्वतःचं नाव कचरू. उद्यमनगरात तुमचा डबा घेऊन मी यायचे, तेव्हा कारखान्याच्या मालकाचा मुलगा, माझ्याच वयाचा, आतून ओरडायचा, "ए कचरा, हिकडं ये." तुम्ही चिंधीला हात पुसत जाता. परत येऊन डबा घेता आणि मला विचारता, "आज काय शिकवलं साळंत?" जसं काही झालंच नाही. मला शिक्षिकेची नोकरी लागली तेव्हा पहिली गोष्ट मी तुम्हाला सांगितली होती, की नाव बदलून घेऊया, गॅझेटमध्ये छापून येतं, चुलतभावानंही बदललंय. तुम्ही चहा पीत होता. बशी खाली ठेवून म्हणालात, "आईनं ठेवलंय. ऱ्हाऊ दे." अख्ख्या वस्तीला नवी नावं देणारा माणूस स्वतःचं का बदलत नाही, हे मला कळलं नाही, आणि तुम्ही समजावून सांगणाऱ्यातले नव्हता.

पुढं शिवाजी पेठेतल्या शाळेत सगळी नोकरी हजेरी घेण्यात गेली. हजेरी घेता घेता माणूस नावं वाचायला शिकतो. सुरुवातीला सगळे संजय आणि सुनील. मग पूजा आणि सचिन आले, मग आर्यन, आणि मी निवृत्त झाले तेव्हा विहान, शिवांश, अन्वी. ज्यांचा अर्थ पोरांच्या आयांनाही फोनवर बघावा लागायचा अशीही काही होती. पेठेतल्या तालमीकडच्या घरांतून राजवीर, शिवराज, शंभूराजे यायचे. शंभूराजेला शेंबूड पुसायला सांगताना मला हसू यायचं. नाव ऐकलं की पोरगं कुठल्या गल्लीतलं, बाप काय करतो, घरात इंग्रजी बोलतात की नाही, याचा अंदाज बांधता यायचा, आणि बहुतेक वेळा तो बरोबर यायचा. आपलीही नावं तशीच ओळखीची झाली, आबा. शाळेजवळ भाड्यानं खोली बघायला गेले होते, तेव्हा घरमालकीण गोड बोलत होती. माझं नाव सांगितलं तशी तिनं आडनाव विचारलं, आणि आडनाव सांगितल्यावर तिला आठवलं की खोली पुतण्यासाठी ठेवलीय. तुम्ही स्वच्छ नाव दिलं होतंत. लोकांनी तेही ओळखायला शिकून घेतलं. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. खोली दमट होती म्हणाले.

तर लेकीचं. ती तिकडं शिकायला गेली, तिथंच नोकरीला लागली आणि तिथल्याच मुलाशी लग्न केलं. जावई इंजिनिअर आहे, शांत आहे, नाव केविन. मला ते फार ऐटदार वाटलं. शेजारणींना सांगतानाही बरं वाटायचं. गेल्या हिवाळ्यात दोघं कोल्हापूरला आली, लेकीला पाचवा महिना होता. दुपारी स्वयंपाकघरात मी भडंग करत होते, जावई ओट्याशी उभा राहून लसूण सोलत होता, आणि बाळाच्या नावाचा विषय निघाला. मी सहज म्हणाले, तुझ्यासारखंच छान नाव ठेवा. तो लेकीकडे बघून हसला, पण ते हसू मला नीट वाटलं नाही. मग तिनं सांगितलं, "आई, तिकडं केविन म्हटलं की लोक गालात हसतात."

मला वाटलं माझी चेष्टा करतेय. पण खरंच तसं आहे म्हणे. जावयाची आई बिस्किटाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तिच्या तरुणपणी अमेरिकन सिनेमे, मालिका यायच्या, त्यांतलं हे नाव तिला नवं वाटलं, मोठं वाटलं. तिच्यासारख्या खूप जणींना वाटलं, आणि कामगारांच्या वस्त्यांतून केविनच केविन झाले. मग शिकल्यासवरल्या लोकांनी त्या नावाची थट्टा सुरू केली. मोठ्या घरांतली मुलं ऑगस्टिन, अपोलीन अशी असतात. जावई नोकरीच्या मुलाखतीला गेला की नाव ऐकून समोरचा क्षणभर थांबतो. मी विचारलं, मग बदललं का नाहीस? त्याचा हात थांबला. इंग्रजीत, मला कळावं म्हणून सावकाश म्हणाला, "माझ्या आईला ते आवडतं. लोक हसतात हे तिला माहीत नाही." आणि परत लसूण सोलायला लागला.

मी कढईतले शेंगदाणे हलवत राहिले. मला तुमची बशी दिसत होती.

लेक म्हणाली, तिकडं आता उलटी फॅशन आलीय, पणजोबा-पणजीची जुनी नावं परत ठेवतात. ल्युसियन, मार्सेल. मध्यंतरी ती म्हाताऱ्यांची म्हणून कुणी ठेवत नव्हतं, आता चांगल्या शिकलेल्या घरांत तीच. तिनं पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "मुलगा झाला तर आबांचं नाव ठेवू. तिकडं कुणाला अर्थ कळणार आहे?" जावयानं दोनदा म्हणून बघितलं, "काश्रू, काश्रू." अर्थ विचारला. मी कढई उतरवायला वळले. लेकीनंच सांगितला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कुरुंदवाडला आत्याकडे गेलो. तुमची धाकटी बहीण आता वाकलीय, ऐकू कमी येतं, आवाज मात्र तोच. तिला लेकीचा बेत सांगितला. वाटलं, ती ओरडेल. तिनं विचारलं, "कचरू का ठिवलतं, म्हाईत हाय का तुला?" मी म्हणाले, आपल्या लोकांना तसलीच नावं ठेवायचे.

"त्ये व्हयच," आत्या म्हणाली. "पर आईनं उगं न्हाय ठिवलं. आदी तीन पोरं गेलती तिची. ह्यो झाला तवा सुपात घातला आन् उकिरड्यावर नेऊन ठिवला. शेजारणीनं उचलला आन् म्हनली, घे बाई, तुझं न्हवं ह्ये, कचऱ्यात गावलंय. मरणाला कळाय नगं की ह्यो हिचा हाय म्हणून. मोठा हुईस्तवर आई चारचौघांत त्येला आपला म्हणत न्हवती."

लेकीनं सगळं जावयाला सांगितलं. तो खुर्चीवरून उठला. मग आत्याच्या शेजारी खाली सतरंजीवर जाऊन बसला. आत्या म्हणाली, "पावणं, खुर्चीवर बसा की." तो बसून राहिला.

तुम्ही हे मला का सांगितलं नाहीत? कदाचित सांगायचं असेल आणि मी गॅझेटचा विषय काढून घाई केली असेल. तेव्हा मला वाटलं होतं, तुम्हाला सवय झालीय. सवय झाली नव्हती. मालकाचा मुलगा हाक मारायचा तेव्हा तुमचा जबडा आवळलेला मी पाहिला आहे. पण ते नाव पुसलं असतं तर तुमच्या आईनं त्या उकिरड्यापाशी उभं राहून जे केलं तेही पुसलं गेलं असतं, आणि ते तुम्हाला चालणार नव्हतं. असं मला आता वाटतं. खरं काय ते तुम्हालाच ठाऊक.

परत जाताना दोघांचं ठरलेलं होतं. मुलगा झाला तर कचरू. मी हो म्हणाले. काय बोलणार होते? आत्यानं डोळे पुसत आशीर्वाद दिला होता.

मुलगी झाली. तिचं नाव ठेवलंय ज्यान. जावयाच्या पणजीचं. ती दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायची, आणि आता तेच नाव तिथल्या डॉक्टर-वकिलांच्या मुलींना असतं म्हणे. आत्याला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "जान? लई चांगलं हाय की." मी दुरुस्त केलं नाही. मोलकरणीचं नाव तिकडं फिरून मानाचं झालं. आपल्याकडं राजांची नावं फिरून येतात. कचरू कधी येईल असं मला वाटत नाही. आलंच तर ते अर्थ न कळणाऱ्या देशात येईल, असं मी लेकीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणून तर ठेवणार होतो."

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. नातीची बातमी आली तशी मी मोठ्या दुकानातून बर्फी आणली आणि अख्ख्या इमारतीत वाटली. सगळ्यांनी कौतुक केलं, की बाईंनी मुलीच्या जन्माचा एवढा आनंद केला. मी कौतुक ऐकून घेतलं. आनंद झालाच होता, आबा. पण मुलगा झाला नाही म्हणून मला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि बर्फी त्या सुटकेची होती.