शिरोफुसा आणि चहाच्या डब्यातले बी

मी तोकुइची इवाबुची, वय एकोणऐंशी, राहणार शिओनुमा, तोकाची, होक्काइदो. गुडघे गेले, डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे. हे मृत्युपत्र माझा हात धरून कोणी लिहून घेतलेले नाही.

१. घर, मागची भाजीची जमीन आणि बँकेतली शिल्लक मुलगी मित्सुयो हिला. माझ्या दिवसकार्यावर उधळपट्टी करू नये.

२. चिमटे, भिंग आणि ठेंगणे स्टूल ज्याला हवे त्याने न्यावे. सोयाबीनची तांदळाएवढी फुले उमलायच्या आत उघडून मी अडतीस वर्षे याच स्टुलावर परागीकरण केले. माझे गुडघे त्यानेच खाल्ले. मी जिथे नोकरी केली त्या प्रयोगशेताच्या माजी प्रमुखांना काहीही देऊ नये. "बाजाराला पांढऱ्या डोळ्याचं सोयाबीन हवंय, इवाबुची. थंडीचं नंतर बघू," हे त्यांचे शब्द.

३. आता खरे ते लिहितो. इथल्या जुन्या सोयाबीनच्या दाण्यावर, तो शेंगेला चिकटतो तिथे, काळा डोळा असे. ते वाण थंडीला दाद देत नसे, पण टोफूला करडी झाक येई. मित्सुयो टोफूच्या दुकानात कामाला होती; तिथून येऊन कुरकुरे, "बाबा, गिऱ्हाईक विचारतं, टोफू भांडी धुतलेल्या पाण्यात ठेवला होता का?" म्हणून मी पांढऱ्या डोळ्याचे वाण काढले. फुलोऱ्यात गारठा लागला की शेंगा धरत नाहीत, म्हणून शेवटच्या चाचणीत फुलोऱ्यातल्या कुंड्या थंड खोलीत ठेवायच्या होत्या. नेमके यंत्र बंद पडले. फुलोरा कोणासाठी थांबत नाही. उबेत शेंगा भरघोस लागल्या आणि मी वहीत लिहिले: थंडी सोसली.

फुसाए, माझी बायको, म्हणाली, "एक वर्ष थांबा की."

"नऊ वर्षं थांबलोय. आणखी किती?"

"फुलाला तुमच्या वहीतली थंडी लागणार नाही हो. बाहेरची लागणार."

तिच्याच नावावरून वाणाला शिरोफुसा म्हटले; शिरो म्हणजे पांढरा. तिने ते कधी आपल्या हाताने पेरले नाही. ती गेली, मग अकरा उन्हाळे उबदार गेले आणि माझे नाव झाले. आज गावात दुसरे बी कोणी लावत नाही. यंदा जूनमध्ये समुद्रावरून आलेले धुके अजून उठलेले नाही. मला भीती वाटते.

४. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चहाच्या डब्यात काळ्या डोळ्याचे दोन किलो बी आहे. मित्सुयो, ते शिजवू नकोस, विकू नकोस. मागच्या जमिनीत वाढव आणि गावाला वाट. पहिला वाटा शेतकरी ओनोदेराच्या घरी.

५. हे कलम साक्षीदारांच्या सह्या झाल्यावर लिहीत आहे. ओनोदेरा सकाळी आला होता.

"पंचवीस हेक्टर सगळं शिरोफुसा आहे, काका. तुमचं बी म्हणून यंदा विमासुद्धा काढला नाही."

"आधी वाच, मग सही कर."

"तुमचं लिहिलेलं मी तपासू? काहीतरीच काय! कुठं करायची तेवढं सांगा."

मी बोट ठेवून जागा दाखवली.

साक्षीदार:
तात्सुनोरी ओनोदेरा, शेतकरी (मजकूर वाचलेला नाही)
किकुए हारादा, निवृत्त पोस्टमास्तर (मजकूर वाचलेला नाही)

स्वहस्ते लिहून शिक्का उमटवला,
तोकुइची इवाबुची

शिओनुमा, १४ जुलै. सवयीने हवामानही लिहितो: धुके, अकरा अंश. ओनोदेराच्या शेतात आज पहिली फुले उमलली.