ब्रेकवरचा पाय

४ मार्च
उजव्या पायात कळ. कुल्ल्यातून निघते ती थेट अंगठ्यापर्यंत. इतकी वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतोय, शरीरानं असली नाटकं कधी केली नव्हती. चपला बदलल्या. उद्यापर्यंत बरं वाटेल.

५ मार्च
वाटलं नाही. जुन्या चपला परत काढल्या.

७ मार्च
बायकोची ड्रायव्हिंग टेस्ट वीस तारखेला. तिसऱ्यांदा. लांबच्या लॅबमध्ये नोकरी लागलीय, तिकडे बस जात नाही. एक तारखेला लायसन्स नसेल तर नोकरी गेली. मागच्या दोन्ही वेळी मागे बसलेल्या परीक्षकानं नापास केलं. का, तर स्कूलच्या गाडीत शेजारून मी माझ्या बाजूचा ब्रेक मारला. अरे, मारला म्हणून तर वाचलास! जगात उपकाराची जाणीवच राहिली नाही. या वेळी मी बरोबर हवाच. तोवर पाय ठणठणीत करायचा म्हणजे करायचा.

९ मार्च
फिजिओथेरपिस्टकडे. कालची पोरगी. म्हणाली, सायटिका. नस कमरेत दबलीय, कळ पायात जाणवतेय. दुखतंय पोटरीत आणि पोरगी बघतेय कंबर! म्हणाली, फार वेळ बसू नका, पडूनही राहू नका, थोडं थोडं चाला, व्यायाम करा. मग म्हणाली, गाडीत कसे बसता ते खुर्चीवर दाखवा. दाखवलं. तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला आणि माझा पाय दाणकन फरशीवर. तिनं विचारलं, दिवसभर असाच ताणलेला असतो का? म्हटलं, छे, मी शांत माणूस आहे. शेजारी हिला एकदम खोकला आला.

१० मार्च
व्यायाम उद्यापासून.

१२ मार्च
करणारच होतो, पण शेजारचे काका म्हणाले, पोटरीला तेल चोळ. चोळलं. पोटरी मऊ झाली, कळ जागच्या जागी. चालायला वेळ कुठाय? हिची प्रॅक्टिस असते. आज कुत्रं रस्ता ओलांडायच्या विचारात होतं, हिला दिसलंच नाही. मीच ब्रेक मारला. ही म्हणाली, कुत्रं झोपलं होतं. झोपलेली कुत्री उठत नाहीत की काय?

१५ मार्च
व्यायाम केला. अर्धा. फोन आला.

१७ मार्च, दुपार
पाय बरा झालाय हे हिला दाखवायला वाकून स्टेपनी उचलली. आडवा आहे.

१९ मार्च
कूस बदलताना जीव जातोय. हिला म्हटलं, टेस्ट पुढे ढकल. म्हणाली, नोकरी ढकलता येत नाही. स्कूलचे मालक शेजारी बसणार म्हणे. तो माणूस गाडीत बसला की पेंगतो! मी नसताना काही झालं तर? भीती वाटतेय. खरंच वाटतेय.

२० मार्च
पास.
ही आधी हसली, मग रडली. म्हणाली, गाडी मधेमधे न थांबता चालते हे मला आज कळलं. मालक अख्खा वेळ घोरत होते. अर्थात, पाया मी घातलेला.

२४ मार्च
ही म्हणाली, चला, फिजिओकडे सोडते. घरची गाडी. माझ्या बाजूला ब्रेक नाही. म्हटलं, मला चालायलाच सांगितलंय. लंगडत, थांबत, कसाबसा पोचलो. ही कधीच येऊन दारात उभी. गाडी पार्किंगच्या दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मधे लावलेली. भोवती एक चक्कर मारून बघितलं.
काही चूक सापडली नाही.