गौरीची जीप, चार चाकांवर

१४ ऑक्टो. २००७, रवि. डब्लिन, ओहायो
उद्या निघायचं. मोटरहोममध्ये, आमच्या चाकांवरच्या घरात, सामान भरून झालं. सुधा दोन कुकर घेते आहे. एक पुरे म्हटलं तर बायको ऐकेल कशी! मागे गौरीची जीप बांधून न्यायची, थेट कॅलिफोर्निया. चार वर्षं आमच्या गराजमध्ये उभी होती. दर रविवारी स्टार्ट करायचो, बंद करायचो. कशासाठी, ते विचारू नये.
गौरीची ईमेल ऑगस्टमधली. इंग्रजीत, दोन ओळी. जीप अजून आहे का, असेल तर उपयोग होईल. तिच्या लग्नाला आम्ही गेलो नाही, त्यानंतरची ही पहिली. तेव्हा मी म्हणालो होतो, तुझ्या त्या घरात पाय ठेवणार नाही. म्हणालो खरा.
शेजारचे कुलकर्णी म्हणतात, ट्रकवर टाकून पाठवून द्या की. सु. म्हणाली, "लेकीची गाडी लेकीच्या दारात आपण नेऊन उभी करायची." बरं म्हटलं. आनंद नाही, भीती नाही. रिटायर झाल्यापासून असंच चाललंय.

१५ ऑक्टो., सोम.
निघायला अकरा. जोडणीची यादी केली, नऊ कलमं. ओढायच्या दांड्याच्या पिना, साखळ्या, दिव्यांची वायर, स्टिअरिंग लॉक होणार नाही अशी किल्ली, गिअर पहिल्यात, वगैरे. सगळ्यात महत्त्वाचं कलम चार: गिअरशेजारचा फोर-व्हीलचा छोटा दांडा न्यूट्रलला. मग चाकं नुसती फिरतात, इंजिनला पत्ताही लागत नाही. इथे चुकलं तर इंजिन गेलंच समजा. सु. ला समजावून सांगितलं. "तुमची यादी तुमच्यापाशी," म्हणाली.

१७ ऑक्टो., बुध. आयोवा
गाढवपणा. चुकीच्या पंपावर शिरलो, पुढे भिंत. जीप मागे असताना रिव्हर्स घेता येत नाही. सगळं सोडा, वळवा, परत जोडा. पाऊण तास. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. सु. ने तोवर गौरीला फोन लावला. मशीनवर गेला. "आम्ही आयोवात आहोत, बाबा ठीक आहेत," एवढंच बोलली. मी ठीक आहे का, हे मला विचारलं नव्हतं.

२० ऑक्टो., शनि. नेब्रास्काचं पश्चिम टोक
कॅम्पग्राउंड रिकामं. उद्या दसरा. सु. ला गाड्यांच्या पूजेला फुलं हवीत, म्हणून जीप मोटरहोमपासून सोडवली, तिच्यातून गावात. झेंडू नाही, शेवंती मिळाली. परत आल्यावर जीप ओढायच्या दांड्यासमोर लावून ठेवली. छोटा दांडा न्यूट्रल. यादीवर खुणा करून टाकल्या. सकाळी फक्त पिना, साखळ्या आणि वायर.

२१ ऑक्टो., रवि. दसरा
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.
मी सांडपाण्याची टाकी रिकामी करायला गेलो तोवर सु. ने पूजा मांडली. दोन्ही गाड्यांना हार. टूलबॉक्सला हळदकुंकू, वर माझी यादीही. हत्यारांची पूजा म्हणे. मी पिना घातल्या, साखळ्या, वायर. यादीला हात लावला तर, "पूजेतलं आज हलवू नये हो." ठीक. कालच्या खुणा होत्याच. कॉटनवुडची पानं एकमेकांना सोनं म्हणून दिली. आज वायोमिंगची हद्द ओलांडू, तेच सीमोल्लंघन.
वीस मैलांवर एक ट्रकवाला शेजारी येऊन मागे बोट दाखवायला लागला. आरशात धूर. थांबलो. जीपच्या बॉनेटखालून तेल गळत होतं, हार तसाच.
छोटा दांडा न्यूट्रलला नव्हता.
सु. म्हणाली, "चाकांखाली लिंबं ठेवली होती ना, ती चिरडायला गाडी जरा पुढे घ्यायची होती. हलेना. मग तो छोटा ओढला, तेव्हा हलली." मग माझ्या तोंडाकडे बघून, "त्यानं झालं का हो?"
"नाही," म्हणालो. "माझं बघायचं राहिलं."
राग यायला हवा होता. आला नाही. तिचे हात मात्र दिवसभर मांडीवरच होते.

२२ ऑक्टो., सोम.
गावातला मेकॅनिक म्हातारा, सभ्य. इंजिन संपलं, म्हणाला. पण छोटा दांडा न्यूट्रलला नीट बसतोय, चाकं मोकळी आहेत, ओढायला हरकत नाही. भंगारवाल्याचा नंबर दिला. सु. म्हणाली, "आता कुठल्या तोंडानं जायचं?"
मी फोन केला. चार वर्षांत मी स्वतः पहिल्यांदा.
"बाबा?"
"गौरी, जीपचं इंजिन गेलं. माझी चूक."
"सो यू आर गोइंग बॅक?"
"नाही. ओढून आणतो. चाकं फिरतायत."
"बट व्हाय?"
"तुझी आहे," म्हणालो.
"ओके. ड्राइव्ह सेफ, बाबा."
फोन ठेवल्यावर रडू आलं. दोन-तीन मिनिटं. मग यादी घेऊन नऊच्या नऊ कलमं तपासली, चौथं दोनदा.

२६ ऑक्टो., शुक्र. फ्रीमाँट
दुपारी तीनला पोचलो. टाउनहाउसची ओळ, गल्ली अरुंद. मोटरहोम कोपऱ्यावरच उभं केलं. गौरी बारीक झाली आहे. सु. ला मिठी मारली, दोघी रडल्या, सु. गौरीच्या नवऱ्याच्या, डॅनियलच्या, मागोमाग आत गेली. मी जीप सोडायला लागलो. काम होतं ते बरं.
गौरी येऊन उभी राहिली. यादी उचलली. "व्हॉट्स धिस रेड स्टफ?"
"कुंकू. आईने यादीची पूजा केली."
हसली. किती दिवसांनी ऐकलं ते हसणं! मग एकेक कलम वाचत गेली, शाळेत पाढे म्हणायची तशी, आणि मी सोडत गेलो. पिना. साखळ्या. वायर. डॅनियल बाहेर आला, न बोलता मागून ढकलायला लागला. मी स्टिअरिंगला बसलो. जीप तिच्या दारात लागली. हँडब्रेक ओढला.
"दॅट्स ऑल नाइन, बाबा." यादी सीटवर ठेवून ती आत गेली. डॅनियलही. दार लोटलं नाही.
जीपमध्येच बसून हे लिहितो आहे. इथून उंबरठ्याच्या बाहेरचे जोडे दिसतात. तिचे, त्याचे, सु. चे. सु. आतून विचारते आहे, चहात आलं घालू का. तीस वर्षं घालते आहे, तिला माहीत आहे.
माझ्या एका बुटाची नाडी सोडली आहे.