बन्सीधरला काहीच न देण्याचे कारण

मी, दिनकरराव ग्यानोजी आंबोरे, वय शहात्तर, निवृत्त इंग्रजी शिक्षक, राहणार ताडकळस, तालुका पूर्णा, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. माझी पत्नी रुख्मिणी हिला याबाबत शंका आहे. पण ती शंका लग्नापासूनची असल्याने इथे विचारात घेऊ नये.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव माझ्या पश्चात रुख्मिणीची एकटीची. स्वयंपाकघराची खिडकी मोठी करायला मी जन्मभर नाही म्हणालो. आता भिंत फोडून हवी तेवढी करावी. मी बघायला नसेन, तेव्हा वादही नाही.

२. विहिरीलगतचा शेताचा तुकडा मुलगी प्रियांका हिला. अट एकच: दर रब्बीला तिथे हुरड्याची गूळभेंडी ज्वारीच पेरावी. का, ते पुढे येते.

३. माझा जाडजूड इंग्रजी शब्दकोश माझे सहकारी गोपाळ सर यांना. शाळेच्या प्रत्येक नोटिशीत त्यांनी ‘फ्रॉम हेन्सफोर्थ’ लिहिले. अहो सर, ‘हेन्सफोर्थ’मध्ये ‘पासून’ आधीच आहे! त्याला आणखी ‘फ्रॉम’ कशाला? त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला आहे. वाचावे, रागावू नये.

४. आता त्या शब्दाविषयीच. गावात पोरे मला पाठीमागे ‘हेन्सफोर्थ सर’ म्हणत, हे मला ठाऊक आहे. शब्द आहेच रुबाबदार. अर्थ एवढाच की, या घडीपासून पुढे. आमच्या वडिलांच्या निजामकाळच्या कागदांत ‘आइंदा’ असे, तेच हे. मागचे त्यात येत नाही. रोजच्या बोलण्यात वापरायचा नसतो. हुकूम, करार, शपथ अशा ठिकाणी शोभतो. मी मात्र घरातही वापरला. ‘हेन्सफोर्थ चहात साखर कमी,’ म्हणालो, तर रुख्मिणीने चहाच बंद केला होता.

५. धाकटा भाऊ बन्सीधर. शेती तो बघायचा, मी शाळा. वीस वर्षांपूर्वी मी सगळ्या शिक्षकांना हुरड्याला शेतात नेले. गूळ, शेंगदाण्याची चटणी, वांगी, सगळे घेऊन गेलो. बघतो तर विहिरीलगतच्या तुकड्यात एक कणीस शिल्लक नाही! आदल्याच दिवशी या पठ्ठ्याने सासरवाडी बोलावून सगळा हुरडा फस्त केला होता. आगटीतली राख अजून कोमट होती. हेडमास्तरांसमोर माझी शोभा झाली. मी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभा राहून ओरडलो, ‘हेन्सफोर्थ माझ्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही!’

त्याने शांतपणे विचारले, ‘म्हंजे काय, दादा?’

मास्तरकीची सवय. त्या रागातही मी अर्थ सांगितला, वर उदाहरणे दिली. तो म्हणाला, ‘आन् हे संपतंय कवा?’ मी म्हणालो, ‘शब्दात शेवट नसतो. बोलणारा दुसरं सांगेल तेव्हाच.’

‘मंग तुमी सांगस्तोर न्हाई येत.’

आणि खरोखर नाही आला. दर वर्षी पहिल्या हुरड्याची पिशवी घेऊन येतो, उंबऱ्याबाहेर उभा राहतो, रुख्मिणीच्या हातात देतो. मी आत खुर्चीवर. तो बाहेरून मोठ्याने म्हणतो, ‘वैनी, दादाला म्हणा मीठ कमी खा.’ मी आतून मोठ्याने म्हणतो, ‘सांगा त्याला, ऐकू आलं.’ प्रियांकाच्या लग्नातही मांडवात राबला, घरात पाऊल टाकले नाही. चूक त्याचीच होती, असे माझे आजही मत आहे. पण माणूस लय हट्टी. मी गेलो की हुकूम मागे घेणारा कोणी उरणार नाही, आणि हा माझ्या मयतीलाही उंबऱ्याबाहेरच उभा राहील. ते मला सोसणार नाही.

विहिरीलगतचा तुकडा खरे तर त्यालाच देणार होतो. पण वकील दत्तराव म्हणाले, ‘सर, ज्याला वाटा मिळतो त्याला साक्षीदार घेत नाहीत. आणि साक्षीदाराने तुमच्या समोर बसून सही करायची असते.’

‘कुठे बसून?’

‘इथंच, माजघरात.’

मी लगेच त्याचा वाटा काटला. बन्सीधरला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. एक छदामही नाही.

६. वरील सर्व कलमे माझ्या पश्चात लागू होतील. हे एक मात्र आजच, मी जिवंत असताना. दत्तराव म्हणतात, मृत्युपत्रात असे बसत नाही. न बसू दे. हेन्सफोर्थ हे घर बन्सीधरला पूर्वीसारखे मोकळे आहे. यावे, जावे, ताटावर बसावे.

ठिकाण: ताडकळस. दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५.

(सही) दिनकरराव ग्यानोजी आंबोरे

साक्षीदार:

१. (सही) ॲड. दत्तराव, परभणी. मजकूर वाचून दाखवला. कलम सहाला माझी हरकत नोंदवली होती. चहा आल्यावर मागे घेतली.

२. (सही) बन्सीधर ग्यानोजी आंबोरे. दादानं माझ्यासमोर सही केली. म्या आत बसून केली. खिडकी खरंच लय बारकी हाय. ज्वारी पेरलीय; औंदा पिशवी आणणार न्हाई, दादालाच शेतात नेणार.