मागची सीट

४ मार्च, सोमवार
आली एकदाची घरी! तीस वर्षं दुचाकी चालवतोय, पण या बनावटीच्या जुन्या गाडीवर आजवर टांग टाकली नव्हती. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. सगळा उलटा कारभार. पहिल्याच वळणावर ब्रेक समजून गिअर दाबला आणि थेट भाजीवाल्याच्या टोपल्यांपाशी जाऊन थांबलो. बायको म्हणाली, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. विकणाऱ्या बाईंनी नवरा गेल्यापासून बारा वर्षं गाडी झाकून ठेवली होती. मागची सीट वेगळी बांधून दिली आणि बसवू नका म्हणाल्या. मी मान डोलावली. पण रविवारी लेक येतेय आणि पहिली चक्कर तिला कबूल केलीय.

६ मार्च, बुधवार
सीट बसवली. चार नट आवळले की झालं. गाडी हादरते फार; तासाभरात तळहातांना मुंग्या आल्या. पाय मात्र शहाणे झालेत. आज एकदाही चुकले नाहीत, मला विचारलंसुद्धा नाही.

८ मार्च, शुक्रवार
मुंग्या गेल्या, बधिरपणा राहिला. कोपरापर्यंत. सायलेन्सरला डावा हात टेकला होता. कातडीचा वास आल्यावर कळलं. बायको रडली. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. जेवताना उजवा पाय टेबलाखाली गिअर टाकत होता.

९ मार्च
बाईंना फोन केला. त्यांच्या नवऱ्याचेही हात असेच बधिर झाले होते. मग उतारावर अपघात, मुलगी मागे बसलेली. दोघंही गेली. ब्रेक लागला नाही का, विचारलं. बाई म्हणाल्या, त्यांनी दाबलाच नाही.
म्हणजे खोड मेल्यावरही जात नाही.
सीट काढायला गेलो. बोटांनी नट आणखी आवळले.

१० मार्च
जीभ जड. शब्द फुटत नाही. बायको मलम आणायला गेलीय. लेक आली, हेल्मेट घालून उभी आहे. मी गाडीवर. कधी बसलो? वही टाकीवर ठेवून तिला लिहून दाखवतोय. नाही म्हणायचंय. एवढंच—

गाडीवर बस

पुढची अक्षरं हात लिहीना. वाचून हसली—
बसली. मागून मिठी मारली असेल. मला काही जाणव—